वंशावळ आधी पेन्सिलीने

वंशावळ शोधायला निघालेले पुष्कळ जण वरून खाली येतात. घरात कुणा नामवंत पूर्वजाचं नाव सांगितलं जातं, ते घ्यायचं आणि आपल्यापर्यंत नावं जुळवत आणायची. इथेच फसगत होते. त्या पूर्वजाच्या शेकडो वंशजांपैकी आपण नेमके कुणाचे, हे खालूनच कळतं. पहिलं नाव स्वतःचं लिहा, मग आईवडिलांचं. एक पिढी पक्की होईपर्यंत वरच्या पिढीला हात लावू नका.

क्रमांक द्यायची जुनी युक्ती आहे. १५९० मध्ये ऑस्ट्रियाचे इतिहासकार मिखाएल आयत्झिंगर यांनी ती वापरली आणि अजून तिच्यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही. तुम्ही १, वडील २, आई ३. कुणाचेही वडील म्हणजे त्याच्या क्रमांकाची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. मग १३ कोण? ६ ची आई. ६ हे ३ चे वडील, म्हणजे १३ ही तुमच्या आईची आजी. खापरपणजोबा-खापरपणजीपर्यंत ३१ चौकोन होतात आणि रिकामा कुठला ते लगेच दिसतं. बहुधा बायकांचे रिकामे राहतात, कारण माहेरचं नाव कुणी विचारलेलंच नसतं. भावंडांना या पद्धतीत क्रमांक नाही, त्यांचा कागद वेगळा ठेवा. पणजोबांच्या नोंदीत नसलेलं गाव त्यांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत सापडू शकतं.

कागदपत्रं थांबतील, माणसं थांबत नाहीत. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीकडे आधी जा. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीलाच तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव बोलून घ्या. तासाभरात उठा आणि दुसऱ्यांदा या. मधल्या दिवसांत बरंच आठवतं. ‘जन्म कधीचा?’ या प्रश्नाला अंदाज मिळतो. ‘धाकटा भाऊ झाला तेव्हा तुम्ही कुठल्या घरात होतात?’ याला आठवण मिळते. जुने फोटो पुढे ठेवा आणि मागच्या कडेला मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

आता नोंदी. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहा आणि ती देणारा कोण होता हेही पाहा. मृत्यूच्या नोंदीत मृत्यूची तारीख सहसा भरवशाची असते. त्याच कागदावरची जन्मतारीख मात्र मुलाने किंवा शेजाऱ्याने ऐकीव सांगितलेली असू शकते. एकाच कागदावर दोन दर्जाची माहिती! जुन्या नोंदींत ४०, ५०, ६० अशी गोल वयं फार आढळतात, म्हणून वयावरून काढलेल्या जन्मसालामागे ‘सुमारे’ लावा. तारखेत महिना अक्षरांत लिहा, नाहीतर ४/७ चा महिना एप्रिल की जुलै यावर पुढे वाद होतो. इंग्लंडच्या जुन्या नोंदींत आणखी एक खोच आहे: १७५२ च्या आधी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७४० म्हणजे आपल्या हिशेबाने १७४१.

सगळ्यांत मोठा खड्डा सारख्या नावांचा. हवं ते नाव हव्या त्या गावात सापडलं की माणूस आनंदाने ते जोडून टाकतो, आणि तिथून वरची सगळी झाडं दुसऱ्याची लागतात. त्या गावातल्या त्या काळच्या त्या नावाच्या सगळ्या माणसांची यादी करा. प्रत्येकाची बायको, धंदा, मृत्यू वेगळा मांडा. १८९३ मध्ये वारलेला माणूस १८९७ मध्ये जमीन विकत असेल तर तिथे दोघे आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाळंत झालेली आई दिसली, तर बहुधा दोन पिढ्या एकात मिसळल्यात. मूल दगावल्यावर तेच नाव पुढच्या बाळाला दिल्याचंही आढळतं, म्हणून पहिल्या जन्मनोंदीवर थांबू नका. आणि संकेतस्थळांवरच्या तयार वंशावळी? सुगावा म्हणून वाचा, पुरावा म्हणून नाही. दहा ठिकाणी एकच चूक दिसणं म्हणजे नऊ जणांनी ती उतरवून घेणं.

जुन्या नोंदींच्या ऑनलाइन सूचीत नाव मिळालं नाही तर वेगळ्या स्पेलिंगने शोधा. सूची करणाऱ्यानेही वळणदार अक्षर अंदाजाने लावलेलं असतं. मिळाल्यावर मूळ पानाचं चित्र उघडा, आधीचं आणि नंतरचं पानही वाचा. नातेवाईक पुष्कळदा शेजारीच राहत.

डीएनए चाचणीची घाई नको. करायचीच तर सर्वांत जुन्या हयात पिढीची करा. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो. नातं लांबलं की तो झपाट्याने घटतो आणि खरं नातंही चाचणीत दिसेनासं होऊ शकतं.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, फक्त जेडकॉम (GEDCOM) फाइल, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात वंशावळ नेता येईल अशी फाइल, काढता येते ना ते पाहा. १९८४ पासूनचा हा साचा जवळपास सगळीकडे चालतो. मात्र त्या फाइलीत बहुधा फोटो जात नाहीत, फक्त ते संगणकात कुठे ठेवलेत ते पत्ते जातात. फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवून घ्या, फायलींच्या नावात त्या माणसाचा वंशावळीतला क्रमांक टाकून.