आमची वाटचाल : आठ बाय एक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं शटर १९८७ साली उघडलं. गाड्यांच्या इंजिनांचं काम: सिलिंडर बोअरिंग, होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं), हेडचं काम. दारात अँबॅसिडरची रांग असायची आणि तिचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन मी डोळे मिटून उतरवायचो. लेथवर माझा पार्टनर. त्याच्या हाताबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. मायक्रोमीटर लावायच्या आधी तो नखानं सांगायचा, दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) जास्त गेलंय.

१९९४ मध्ये सांगलीचे वकीलसाहेब एमजीए, म्हणजे जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, घेऊन आले. बॉनेट उघडलं आणि आम्ही दोघं हसलोच. ब्लॉक ओळखीचा! १९५५ ची ती पहिली एमजीए आणि आपली अँबॅसिडर एकाच घरच्या. हिला दोन एसयू कार्ब (कार्बोरेटर) आणि कॉम्प्रेशन जास्त, म्हणून ही पळते आणि ती ओढते. वकीलसाहेबांनी त्यानंतर ती गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात लावली नाही. बिल कधी वाचलं नाही. मात्र डिपस्टिक पुसायचं फडकं घरून धुऊन आणायचे. "मिस्त्री, तुमच्या फडक्यात लोखंडाचा कीस असतो." असायचाच. आता आम्हीही वेगळं फडकं ठेवतो.

त्यांच्या ओळखीनं पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. त्यात एक एमजी टीसी, एमजीएच्या आधीची. ज्यानं तिचं एक्सपॅग इंजिन उघडलंय त्याला हे माहीत असेल, इतरांसाठी सांगतो. कोव्हेंट्रीतला मॉरिसचा तो इंजिन कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. त्यामुळे आटे मेट्रिक राहिले, पण इंग्रज फिटरचे पाने चालावेत म्हणून बोल्टाची डोकी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची. बरेचसे बोल्ट आठ मिलिमीटरचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) एक. बाजारात 'आठचा बोल्ट द्या' म्हटलं की मिळतो तो सव्वा पिचचा. दोन आटे हातानं जातो, तिसऱ्याला अडतो. अडला की काढायचा असतो. पाना लांब घ्यायचा नसतो.

२००१ मध्ये पार्टनर वेगळा झाला. घरचं कारण सांगितलं. सहा महिन्यांत पलीकडच्या गल्लीत त्याचा बोर्ड लागला, आमच्याच बोर्डाच्या रंगात. त्याचंही चालावं, माझी हरकत नव्हती. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, "सगळं लेथचं काम माझंच होतं." अर्धं खरं होतं, म्हणून जास्त लागायचं.

२००३ च्या डिसेंबरात त्या टीसीचं पूर्ण इंजिन आम्ही बांधून दिलं. ६६.५ मिलिमीटरचा बोअर ओव्हरसाइज केला, नवीन पिस्टन, रिंगा, बेअरिंग. मालकांनी महिन्याभरानं तेल बदलायला गाडी आणली तेव्हा मी लग्नाला पुण्याला, शटर बंद. ती गेली पलीकडच्या गल्लीत. तिथल्या पोरानं ऑइल चेंबर उतरवला, चार बोल्ट हरवले, हार्डवेअरच्या दुकानातून चार आणले आणि पाना लांब घेतला. आटे गेले. मग चिकटवण लावून चेंबर बसवला.

मालक गोव्याला निघाले. आजऱ्याच्या पुढं, आंबोलीच्या अलीकडंच तेल गळून ऑइलचा काटा झोपला आणि इंजिन जाम. गाडी ट्रकवरून थेट माझ्या दारात. 'इंजिन तुम्ही बांधलं.' पलीकडून निरोप फिरला की यांनीच बेअरिंग घट्ट बसवलं होतं. पंधरा दिवसांत पाच गाड्या आमच्याकडून उचलल्या गेल्या. राहिलेलं बिल बुडालं. लेथ पतसंस्थेकडं तारण होताच, आता नोटीस आली. बायको म्हणाली, अँबॅसिडरची हेडं तरी आहेत ना. तीही कमी व्हायला लागली होती.

वकीलसाहेब एका रविवारी एसटीनं आले आणि मालकांना समोर स्टुलावर बसवलं. मी चेंबरचे बोल्ट एकेक करून पांढऱ्या कागदावर ठेवले. चार नवे चमकत होते. पिच गेजची (आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पात्यांची) सव्वाची पाती त्यांच्यावर दातात दात बसली. एकची पाती वर तरंगत राहिली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंत?" आधी कुणी विचारलंच नव्हतं. ब्लॉकच्या भोकांना स्टीलचे बुश घालून आठ बाय एकचे आटे पुन्हा पाडले. क्रँक ग्राइंड केली. मजुरी घेतली नाही. ती घ्यायला हवी होती, असं आता वाटतं.

त्यानंतरची वीसेक वर्षं सांगण्यासारखं काही नाही. गाड्या आल्या, झाल्या, गेल्या.

आता ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांना दोन शब्द. शिसं असलेलं, व्हॉल्व्हची बैठक (सीट) झिजू न देणारं पेट्रोल २००० साली बंद झालं. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसतील तर दरवेळी टॅपेटचा गॅप कमी झालेला दिसेल. दर महिन्याला टॅपेट सेट करणारा मिस्त्री तुमचा मित्र नव्हे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप भुसभुशीत होतात, ते आधी बदला. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर फ्लोट बोल (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाट्या) रिकामे करा. दोन कार्ब सारखे करायला मशीन लागत नाही. हातभर रबरी नळी एका कानाला लावा, दुसरं टोक आळीपाळीनं दोन्ही तोंडांशी धरा, फुस्स आवाज सारखा आला पाहिजे. मग कार्बमधला पिस्टन जरासा उचला: इंजिन वाढून वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून जागेवर आलं तर हात काढा. आणि कुणी जपानी इंजिन टाकून देतो म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

मागच्या महिन्यात पार्टनरचा मुलगा दारात उभा राहिला. "काका, आटे पाडायचा आठ बाय एकचा टॅप आहे का?" टीसीच होती, मी विचारलं. कोल्हापुरात हा टॅप तेव्हाही मिळत होता. त्या दिवशी कुणी विचारायला आलं असतं, तर तेव्हाही दिला असता. ड्रॉवर उघडला, तेल पुसून टॅप कागदात गुंडाळून दिला.

अजून परत आलेला नाही.