तुम्ही विचारलंत म्हणून: मास्टर्स आधी की नोकरी आधी?

दर महिन्याला कुणी ना कुणी हे विचारतं आणि मी "तुझं तू ठरव" म्हणून सुटका करून घेते. आज नीट सांगते. मी सहा वर्षं नोकरी करून मग गेले. त्यात काही शहाणपण होतं असा समज असेल, तर तो आधी काढून टाका. मी गेले ती एका ब्रॅकेटमुळे.

मोटर धरणारा एल आकाराचा ब्रॅकेट, आतला कोपरा काटकोनी, धारदार. एफईए, म्हणजे भागाचे छोटे तुकडे कल्पून त्यातला ताण संगणकावर काढायचं काम, माझ्याकडे होतं. पहिल्या रनमध्ये कोपऱ्यातला ताण यील्डच्या, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाच्या, निम्म्याच्या आसपास आला. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बारीक केला, आकडा वाढला. आणखी बारीक केला, आणखी वाढला. चौथ्या रनला यील्डच्या पार. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी पहिल्या रनचं रंगीत चित्र लावलं आणि खाली लिहिलं, 'मेश पुरेसा आहे.' चुकून नाही झालं ते. कंपन चाचणीत तिसऱ्या दिवशी ब्रॅकेट नेमका त्याच कोपऱ्यात तडकला. मीटिंगमध्ये वरिष्ठ ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मेश बारीक केल्यावर काय होत होतं?"

मी म्हणाले, "करून पाहिलं नाही, सर."

हे आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला कळलं की अशा आतल्या धारदार कोपऱ्यात लिनिअर इलास्टिक, म्हणजे ताणाच्या प्रमाणातच धातू ताणला जातो असं धरणाऱ्या, गणिताप्रमाणे ताण अनंत होतो. विल्यम्स नावाच्या संशोधकाने हे 1952 सालीच दाखवून ठेवलंय. मेश कितीही बारीक करा, आकडा कुठे थांबणारच नाही. म्हणजे माझा पहिला आकडा निरर्थक आणि चौथाही. खरी फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, तिची खरी त्रिज्या मॉडेलमध्ये काढायची आणि मग फटीगचं, म्हणजे वारंवार भार येऊन धातू थकण्याचं, बघायचं, एवढंच करायला हवं होतं. वर्गातल्या बावीस-तेवीसच्या मुलांनी सूत्र वहीत उतरवलं. माझ्या पोटात गोळा आला.

मग उशिरा गेले तेच बरं, नाही का? काही वर्षं मीही हेच सांगत फिरले. पण माझ्यातली बावीस वर्षांची मुलगी म्हणते, लगेच गेली असतीस तर ब्रॅकेट तडकलाच नसता. मी म्हणते, तूही नुसतं वहीतच उतरवलं असतंस. ती म्हणते, निदान वहीत तरी असतं. तिथे मी गप्प बसते. शिवाय मीटिंगमधलं ते खोटं काही ज्ञान कमी पडल्यामुळे बोलले नव्हते.

उशिराचे हाल मात्र सांगून ठेवते. दोन वर्षं पगार नाही. पहिलं सेमिस्टर विसरलेली डिफरन्शिअल इक्वेशन्स उकरण्यात गेलं. सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा दोन वर्षांचं कामच जास्त मोजलं जातं. स्ट्रक्चरल किंवा चिप डिझाइनला मास्टर्स नसेल तर बरीच दारं बंद. पीएचडीचं विचाराल, तर स्टायपेंड नसेल तर नको, आणि विषयाआधी गाइड बघा.

शिफारसपत्रांचं तर विचारूच नका. कॉलेजच्या सरांना माझा चेहरासुद्धा आठवेना. शेवटी पत्र दिलं ते त्याच वरिष्ठांनी. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. दुसऱ्याच ओळीत 'प्रामाणिक' असा शब्द होता.