आमची वाटचाल : ओकच्या सावलीतला धंदा

सॅन होजेत नर्सरी काढतोय म्हटल्यावर ओळखीच्या मराठी घरांतून एकच विचारणा आली, "कढीपत्ता ठेवणार ना?" नाही ठेवला. लिंबूवर्गीय झाडांवरच्या सिलिड किडीला कढीपत्ताही चालतो, त्यामुळे कॅलिफोर्नियात त्याची ने-आण क्वारंटाइनच्या नियमांत अडकते. आमच्या एवढ्याशा जागेला ते झेपलं नसतं. आम्ही इथलीच, कमी पाण्यावर जगणारी झाडं धरली.

२०१५ साली दुष्काळापायी राज्याने शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी उतरवायला सांगितला, तेव्हापासून लोक लॉन उपटू लागले होते. पंचाईत व्हायची ती परसात जुना लाइव्ह ओक, म्हणजे इथला सदाहरित ओक वृक्ष, असलेल्यांची. ओकच्या बुंध्याशी उन्हाळ्यात पाणी मुरत राहिलं की मूळकूज लागते. मग त्या कोरड्या सावलीत लावायचं काय?

हमिंगबर्ड सेज! शास्त्रीय नाव साल्व्हिया स्पॅथेसिया. इथल्या किनाऱ्याजवळच्या टेकड्यांवर ती मुळात ओकखालीच वाढते. तुळशीच्या कुळातली, म्हणून दांडा चौकोनी. आडवी खोडं मातीखालून सरकत जातात आणि पानांची गादी जमिनीलगत पसरते. पान चुरगाळलं तर पिकल्या फळाचा वास येतो, आणि बोटांना असा चिकटा लागतो की रोपं सुटी करायच्या दिवशी फोन कुणी उचलत नाही. वसंतात तुरे वर येतात, त्यांवर मजल्यामजल्याने किरमिजी नळीदार फुलं. अ‍ॅना जातीचा हमिंगबर्ड इथे बारा महिने असतो, त्याची मग चंगळच. भारतातून आलेले पाहुणे त्याला हटकून शिंजीर म्हणतात. शिंजीर सहसा फांदीवर टेकून मध पितो, हा हवेतच थांबून पितो.

धंद्याचं गणित मात्र उलटं आहे. गिऱ्हाईक येतं एप्रिलमध्ये, फुलं बघून. लावायची खरी वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण इथला पाऊस हिवाळ्यातला. तेव्हा कुंडीतली रोपं इतकी फाटकी दिसतात की फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. म्हणून आम्ही वसंतात बुकिंग घेतो आणि रोपं पावसाच्या तोंडावर पोचवतो. "पैसे घेऊन हात हलवत पाठवणारे" अशी थट्टा होते, होऊ दे. त्याच आगाऊ पैशांतून आमचा कुंड्या-मातीचा उन्हाळी खर्च निघतो.

कुंड्या जमिनीवर कधीच ठेवत नाही, जाळीच्या बाकांवर ठेवतो. खालची माती उडून फायटोफ्थोरा हा मूळकूज आणणारा जंतू शिरला, तर रोपाबरोबर तो गिऱ्हाइकाच्या ओकपर्यंत जाणार. बाकांचा खर्च सुरुवातीला जिवावर आला होता. आता माहीतगार लोक आधी बाक बघतात, मग रोप.

एकेक गॅलनच्या कुंड्यांतली चार रोपं दोन-तीन फुटांवर लावली, तर दोनेक पावसाळ्यांत मधली जागा भरून निघते. त्यामुळे दहा मागणाऱ्याला आम्ही सहा देतो. आणि किनाऱ्यापासून दूर आतल्या भागात, रखरखीत उन्हात लावायची असेल, तर सरळ दुसरं काहीतरी घ्या म्हणून सांगतो.