शरदातल्या राईड्स: गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या बुलेटचा छडा लागला

सापडलं! यवतेश्वरच्या चढावर, मग पसरणी घाटात आणि परवा परवा कात्रजच्या जुन्या घाटातही जो छळ चालू होता, त्याचं मूळ एकदाचं सापडलं. काल पुणे, भोर, वरंधा, महाड, माणगाव, ताम्हिणी, पुणे असा अडीचशे किलोमीटरच्या वरचा फेरा झाला आणि गाडीनं एक ठोका चुकवला नाही. हस्ताचा पाऊस सरून चित्राचं ऊन तापायला लागलंय. अशा हवेत जुनी कास्ट आयर्न बुलेट दुपारी घाट चढून येते, याचा आनंद किती आहे ते तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको.

कासच्या नोंदीत लक्षणं लिहिली होती, तरी नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी थंड असताना किकला चालू. सपाटीवर साठ-पासष्टच्या चालीनं कितीही पळवा, तक्रार नाही. चढ लागला, सेकंड गिअरवर दहा-पंधरा मिनिटं गेली की आधी बारीक मिसिंग, मग सायलेन्सरमध्ये फटाके आणि मग इंजिन गप्प. अर्धा तास सावलीत उभी केली की पहिल्या किकला पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग शेजारून सरकतेय आणि आपण कठड्याला टेकून इंजिन निवायची वाट बघतोय, हे यंदा फार झालं.

संशयितांची यादी लांब होती. टाकीच्या झाकणाचं भोक तुंबलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. म्हणून बंद पडल्या पडल्या झाकण उघडून पाहिलं, फरक शून्य. मग इथल्या निम्म्या लोकांचं लाडकं मत: ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमुळे जुनं रबर खराब होतं हे खरंच आहे आणि माझी पेट्रोलची नळीही कडक झाली होती, ती बदलली. पण गाडी बंद पडल्यावर प्लग काढला तर तो पेट्रोलनं ओला. म्हणजे सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतंय, ते पेटत नाहीये. हा ओला प्लग म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी साक्ष. कार्ब्युरेटरचे जेट पुन्हा पुन्हा काढून फुंकण्याआधी प्रत्येकानं एवढं तरी करावं.

म्हणजे दोष करंटमध्ये. प्लग हेडवर टेकवून किक मारली तर ठिणगी होती, पण पिवळट आणि मरतुकडी. निळी, कडक ठिणगी नाही. पहिला संशय कॉईलवर (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग), कारण कॉईलही तापल्यावर अशीच दगा देते. पसरणीत सोबतच्या मित्राच्या गाडीची कॉईल काढून माझ्या गाडीला जोडली. पाचगणीच्या अलीकडे पुन्हा तेच. प्लग नवा, प्लग कॅप नवी, वायर नवी. पॉइंटचा (कॉईलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांचा) गॅप फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, ०.३८ मिलिमीटर. (पॉइंट हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्यावर सेट करणाऱ्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे, पण गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. घ्या.) आणि कंडेन्सर, पॉइंटला जोडलेली ती छोटी डबी? तो तर या सगळ्याच्या आधीच नवा टाकला होता आणि लक्षण तसूभरही बदललं नव्हतं, म्हणून त्याचं नाव यादीतून कटलं होतं.

गाठ सुटली ती कात्रजला. संध्याकाळ झाली होती, उजेड कमी होता. गाडी बंद पडल्याबरोबर डिस्ट्रिब्युटरचं (पॉइंट ज्यात बसतात त्या भागाचं) झाकण काढलं आणि मित्राला म्हटलं, "तू किक मार, मी बघतो." किक बसली आणि पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये लख्ख, जाड ठिणगी उडाली. जी ठिणगी प्लगला उडायला हवी, तिचा जीव इथे जात होता. झाकण काढूनच अर्धा तास थांबलो, गाडी निवली, पुन्हा किक मारली. आता पॉइंटवर जेमतेम बारीकशी चमक. हा फरक डोळ्यांनी दिसतो, पण अंधार पडायला लागल्यावरच. भर दुपारच्या घाटात तो कधी दिसलाच नसता.

पॉइंट उघडतात तेव्हा कॉईलच्या प्रायमरीतला (बॅटरीकडच्या वेटोळ्यातला) प्रवाह एकदम तुटायला हवा. तो जितका झटक्यात तुटेल तितका सेकंडरीत (प्लगकडच्या वेटोळ्यात) दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त चढतो. उघडणाऱ्या पॉइंटमधून जो करंट उडी मारून निसटू बघतो, त्याला क्षणभर पोटात घेणं हे कंडेन्सरचं काम. तोच आतून गळका झाला की पॉइंटवर आर्क आणि प्लगला उरलंसुरलं. काढल्यावर पॉइंटही तसेच दिसले: एका बाजूला काळानिळा डाग आणि बारीक खळगा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ.

पण नवा कंडेन्सर गळका कसा? मल्टिमीटरवर तो ०.२१ मायक्रोफॅरड दाखवत होता, म्हणजे बरोबर. अडचण ही की मल्टिमीटर मोजतो बॅटरीच्या चिमूटभर व्होल्टेजवर आणि पॉइंट उघडताना कंडेन्सरवर येतात दोन-तीनशे व्होल्ट. म्हणून गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे मेगर असतो, मोटरचं इन्सुलेशन तपासायचा. काका म्हणाले, "एवढ्याशा डबीला मेगर? आणा बघू." २५० व्होल्टवर लावला. थंड कंडेन्सर, काटा थेट इन्फिनिटीला. मग हेअर ड्रायरनं हाताला चटका बसेल इतका तापवला आणि पुन्हा लावला. काटा बघता बघता खाली आला तो अर्ध्या मेगओहमच्याही आत. काकांनी चष्मा वर केला, स्वतः ड्रायर हातात घेतला आणि पुन्हा तापवून बघितलं. तेच. मग पेटीतला मूळचा जुना कंडेन्सर आणि त्याच दुकानातून आणलेला दुसरा नवा, दोघांचीही तीच परीक्षा घेतली. तिघंही गरम झाल्यावर गळके. (मेगर काढल्यावर कंडेन्सरची वायर त्याच्या डबीला टेकवून मगच हात लावा. आत साठलेला झटका चांगलाच जाणवतो.)

ज्या दुकानातून ते घेतले त्याचं नाव लिहीत नाही, पण चकचकीत खोक्यातला भाग म्हणून आता मी कुठलाच कंडेन्सर घेणार नाही. कोणी 'जुना स्टॉक आहे' म्हणाला तरी नाही. वर्षानुवर्षं फळीवर पडलेल्या कागदी कंडेन्सरनं दमट हवा किती प्यायली असेल, कोण सांगणार?

त्यात बुलेटची रचना भर घालते. आपला डिस्ट्रिब्युटर बसतो टायमिंग कव्हरवर, थेट सिलिंडरच्या मागे. बॅरल बिडाचं. चढावर सेकंड गिअरमध्ये वाऱ्याचा झोत नाही, सिलिंडरची सगळी धग मागे जाते आणि कंडेन्सर त्याच डबीत. सपाटीवर गाडी का चालायची आणि घाटातच का मरायची, याचं उत्तर हे.

उपाय करताना बेत मधेच फिरला. खरं तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायच्या तयारीत होतो, पैसेही बाजूला काढले होते. पण काकांनीच विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे ना? मग ही डबी तापते तिथून उचला की." त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर (कंडेन्सरच, पण कागदाऐवजी प्लॅस्टिकच्या फिल्मचा), ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. किंमत चहा-बिस्किटाएवढी. मेगर आणि ड्रायरची तीच परीक्षा: गरम असतानाही काटा हलला नाही. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा कापला, कपॅसिटर आत बसवून एपॉक्सी भरलं, दोन वायरी बाहेर काढल्या. माझ्या गाडीची कॉईल टाकीखाली आहे. एक वायर कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी घासून स्वच्छ केलेल्या चासिसला. डिस्ट्रिब्युटरमधला जुना कंडेन्सर काढून टाकला. नवे पॉइंट, गॅप पुन्हा ०.३८, टायमिंग पुन्हा लावलं. खंडेनवमी होतीच, त्यामुळे ते गेज, मेगर आणि गाडी अशी सगळ्यांचीच पूजा झाली. झेंडूची माळ हँडलला घातली ती अजून तशीच आहे.

काल पहाटे निघताना बेत फक्त नीरा देवघरच्या पाण्यापर्यंत जायचा होता. सीटवर दंव, भोरपर्यंत जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. धरणाच्या कडेनं रस्ता वळणं घेत जातो तिथे उतारांवर सोनकी पिवळीधमक पसरली होती आणि खाली भातखाचरं सोनेरी व्हायला लागली होती. कॅमेरा काढायला थांबलो तेव्हा गाडी मुद्दाम बंद केली, कारण तापलेलं इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं वारा नसतो आणि सगळी धग आजूबाजूच्या भागांत झिरपते. कंडेन्सरची सगळ्यात कठीण वेळ तीच. दहा मिनिटांनी अँपियर मीटरचा काटा मध्यावर आणून डिकॉम्प्रेसर (किकसाठी सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) सोडला, किक. चालू. मग मागे कोण फिरतंय?

वाघजाईपाशी भजी. तिथल्या मावशींना हे गाडीचं नाटक ठाऊक नसणार, पण मी दर पाच मिनिटांनी उठून किक मारतोय हे बघून त्या म्हणाल्या, "दादा, भजी थंड होत्यात, गाडी कुठं जात न्हाई." दरवेळी एका किकला चालू झाली. कांदाभजी, तळलेली मिरची आणि समोर कोकणात उतरत गेलेले डोंगर. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, त्यामुळे जाणाऱ्यांनी रस्ता चालू असल्याची खात्री करून निघा. काही वळणांवर अजून खडी आहे आणि आपल्या ड्रम ब्रेकना ती आवडत नाही.

वरंधा आम्हाला उतार होता, त्यानं काही सिद्ध होत नव्हतं. खरी कसोटी ताम्हिणीची. महाडला जेवण, माणगावहून आत वळलो तेव्हा ऊन ऐन भरात, विळ्यापुढे चढ सुरू. सेकंड, थर्ड, पुन्हा सेकंड. एका डंपरच्या मागे बराच वेळ चालीचालीनं, म्हणजे हवा अजिबात नाही. कान फक्त सायलेन्सरकडे. ठोका तसाच, जड आणि एकसारखा. डोंगरवाडीच्या पठारावर आल्यावर थांबून प्लग काढला: तपकिरी, कोरडा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला बोट टेकवत नव्हतं, इतकं गरम. टाकीखालचा कपॅसिटर मात्र कोमट.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. तसाच दुसरा कपॅसिटर आताच भरून पहिल्याशेजारी बांधून ठेवायचा, चासिसची वायर जोडलेली, दुसरी वायर पिनसकट मोकळी. कधी शंका आली तर रस्त्यात नुसती पिन बदलायची, पाना लागणार नाही. उद्याच तपकीर गल्लीत परत जातो. सहा व्होल्टची गाडी कोणी अशी करून बघितली असेल तर जरूर लिहा, माझी बारा व्होल्टची आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे पैसे आता मागच्या टायरला. आणि कोजागिरीनंतरच्या रविवारी जुन्नरवरून नाणेघाट, तिथून माळशेज असा बेत आहे. येणाऱ्यांनी सकाळी सातला आळेफाट्यावर भेटा. त्याआधी एक काम: ताम्हिणीनंतर एक्झॉस्टच्या टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज जरा जास्त येतोय. आज रात्री इंजिन पूर्ण निवलं की कव्हर उघडून बघतो.