तीन मिलिव्होल्ट आणि आमचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे समितीचे पत्र आले आणि शाळेबद्दल लिहायचे म्हणजे भौतिकशास्त्राच्या सरांबद्दलच लिहायचे, हे मनाने तत्काळ ठरवून टाकले. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा आणि ग्रंथालय यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी मात्र प्रयोगशाळेतील खिडकीजवळच्या लांब टेबलापाशीच थांबणार आहे, कारण आज माझी उपजीविका ज्या कामावर चालते, त्याचे मूळ तेथे आहे.

त्या वर्षी सरांनी विज्ञान मंडळाच्या मुलांकडून तापमान मोजणारा एक परिपथ जोडून घेतला होता. के प्रकारचे थर्मोकपल (तापमानाच्या फरकानुसार अगदी थोडे व्होल्ट देणारा दोन धातूंच्या तारांचा जोड), व्होल्टचे आकड्यात रूपांतर करणारी आठ बिटांची एडीसी ०८०४ ही चिप आणि तो आकडा दाखवायला तिच्यापुढे रांगेने लावलेले आठ एलईडी, एवढाच त्याचा पसारा होता. चंचुपात्रात पाणी खळखळून उकळत होते, थर्मोकपलचा जोड त्यात बुडलेला होता आणि तरीही आठांपैकी एकही एलईडी उजळत नव्हता. चिप बिघडली असावी, असा आम्हा सर्वांचा तर्क होता. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. या थर्मोकपलमधून दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे उकळते पाणी आणि खोली यांच्यात ७५ अंशांचा फरक धरला तर जेमतेम ३ मिलिव्होल्ट. उलट ५ व्होल्टचे २५६ भाग करणाऱ्या चिपची एकेक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची. पहिल्या पायरीच्या निम्म्यापर्यंतही आमचा सिग्नल पोहोचत नव्हता. “चिप उत्तम आहे,” सर म्हणाले, “तिला दिसेल असे आपण अजून काही दिलेलेच नाही.”

तेव्हा मागून एकाने विचारले, “सर, मग जो आकडा येईल त्यालाच हजाराने गुणले तर?” सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि शून्याला हजाराने गुणायला सांगितले. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. प्रश्न फार मोलाचा आहे, असे सांगून त्यांनी उरलेला सगळा तास त्यावरच घालवला. रूपांतराच्या वेळी पायरीखाली जे राहून गेले ते कायमचे गेले, नंतरच्या कोणत्याही गुणाकाराने ते परत येत नाही, म्हणून वर्धन, म्हणजे सिग्नल मोठा करणे, व्हायचे ते आकडा होण्यापूर्वीच, ही गोष्ट त्या तासाला जशी समजली तशी पुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून समजली नसती.

दुसऱ्या दिवशी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून जोडण्याच्या पाटीवर, ७४१ हा ऑप-अँप, म्हणजे वर्धन करणारी चिप, आला आणि १ मेगाओहम व १ किलोओहम या रोधांच्या जोडीने हजारपट गेन, म्हणजे वर्धन, मिळाला. आता एलईडी लागतील म्हणून आम्ही आतुर झालो होतो, परंतु सरांनी थर्मोकपल जोडूच दिले नाही. त्यांनी आधी ऑप-अँपच्या निवेशाशी (इनपुटशी) शून्य व्होल्ट दिले, आणि तरीही काही एलईडी लागले! ७४१ च्या दोन निवेशांमध्ये मुळातच मिलिव्होल्टभर तफावत असू शकते, आणि हजारपट झाल्यावर तीच व्होल्टभर होते. आमच्या थर्मोकपलच्या भाषेत ती चोवीस अंशांची चूक ठरते. १ आणि ५ क्रमांकाच्या पायांमध्ये १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने कमीजास्त करता येणारा रोध, लावून, त्याचा मधला पाय ऋण पुरवठ्याला जोडून, सर पेचकसाने तो इतक्या सावकाश फिरवत होते की एकेक एलईडी विझताना आम्ही मोजू शकत होतो. त्यानंतरच तारा जोडल्या गेल्या आणि आकडा दीडशेच्या पुढे गेला. एक पायरी आता सुमारे अर्ध्या अंशाची झाली होती.

तरीही शेवटचे दोन एलईडी लुकलुकत राहिले, कारण ऑप-अँपला सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. थर्मोकपलच्या लांब तारांनी विजेच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण उचलली होती. सरांनी त्या तारा एकमेकींना पिळून घेतल्या, एडीसीच्या आधी रोध आणि कपॅसिटर यांचा साधा फिल्टर बसवला, आणि लुकलुक थांबली.

आज मी वजनमापक यंत्रांच्या लोडसेलसाठी, म्हणजे भाराचे व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या सेन्सरसाठी, निवेश-परिपथ तयार करतो. पूर्ण भार असतानाही तेथे ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण १० मिलिव्होल्टच मिळतात, आणि त्यांचे हजारो भाग विश्वासाने वाचायचे असतात. पहिल्याच टप्प्यातील गोंगाट पुढच्या प्रत्येक टप्प्यातून वाढत जातो, म्हणून सर्वांत चांगला वर्धक सर्वांत पुढे, सेन्सरच्या शक्य तितका जवळ ठेवायचा, हा माझ्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांना मी देतो तो पहिला पाठ सरांचाच आहे. आमची यंत्रे आज जेथे जेथे बिनचूक चालतात, तेथे त्यांच्या शिकवणीचा वाटा आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

खंत एका गोष्टीची वाटते. आता १२८ पट वर्धक आणि २४ बिटांचा एडीसी एकाच एचएक्स७११ चिपमध्ये तयार मिळतात, आणि प्रकल्प करणारी मुले थेट पडद्यावरचा आकडाच पाहतात. ही सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. परंतु त्या आकड्यातील शेवटचे अंक सतत का बदलतात, हे विचारल्यावर मुले प्रोग्राममध्ये सरासरी घेण्याच्या तयारीला लागतात, तारांकडे कोणी पाहत नाही. वर्धक डोळ्यांआड गेला की त्याच्याविषयीचे प्रश्नही जातात.

म्हणून शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी मी तोच परिपथ उघड्या पाटीवर जोडून देणार आहे, ज्यात गेनचा रोध मुलांना हाताने बदलता येईल, फिल्टर काढता-घालता येईल आणि प्रीसेट फिरवायला पेचकसही शेजारीच असेल. मुख्याध्यापकांनी त्यासाठी खिडकीजवळच्या टेबलावर जागा द्यावी, एवढी विनंती आहे.