अँबॅसडरचं टॅपेट: फिलर गेज फसतं ते इथे

१४८९ सीसी पेट्रोल अँबॅसडरचं टॅपेट वाजायला लागलं, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपमुळे इंजिनातून टकटक येऊ लागली, की लगेच गॅपचा स्क्रू आवळू नका. इंजिन स्लो रनिंगवर ठेवून एकेका रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हमध्ये फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं सरकवा. टकटक दबली तो व्हॉल्व्ह दोषी.

या गॅपचं सेटिंग थंड इंजिनावर, ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ धरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सहावा असताना तिसरा. लॉकनट (स्क्रू जागी धरणारा नट) आवळताना स्क्रू हलतो, गॅप पुन्हा मोजाच.

तरीही वाजतंय? रॉकरचं टोक नखाने चाचपा. खळगा पडला असेल तर सपाट पातं त्याच्या काठांवर टेकतं, आत जागा उरतेच. रॉकर बदलावाच लागतो. गॅप कमी करून आवाज मारणं सर्वांत वाईट: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही आणि जळतो.