काळ्या कॉलरचा उलगडा

माझ्याकडे एका अनोळखी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे जुने छायाचित्र आहे. मागच्या नोंदीत मी त्यांना ‘दोन ताऱ्यांचे कॅप्टन’ म्हटले होते, पण ते कॅप्टन नव्हतेच. या चुकीने माझे सात महिने खाल्ले.

छायाचित्रात ट्यूनिक (गणवेशाचा लाल कोट) काळपट आहे आणि कॉलरही तितकीच काळपट आहे. काळपट म्हणजे निळे फेसिंग (कॉलर-कफांचा रेजिमेंटनुसार ठरणारा रंग) आणि निळे म्हणजे ‘रॉयल’ किताबाची रेजिमेंट, असे धरून मी आर्मी लिस्टमधले, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीतले, कॅप्टन चाळत राहिलो. शोल्डर कॉर्डवरचे (खांद्यावरच्या गोफावरचे) दोन तारे १९०२ पूर्वी कॅप्टनचे आणि त्यानंतर लेफ्टनंटचे, हे ठाऊक असूनही विक्रेत्याने लिहून दिलेल्या ‘सुमारे १८९०’ या शब्दांवर मी विसंबलो. त्याच विक्रेत्याने माउंटवरची (छायाचित्र चिकटवलेल्या पुठ्ठ्यावरची) स्टुडिओच्या नावाची पट्टी कापून टाकली आहे. माउंट कापणे म्हणजे पुरावा नष्ट करणे, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या रविवारी लाल बनात (गणवेशाचे जाड लोकरी कापड), गडद निळी बनात आणि पिवळे कापड खिडकीशी मांडून फोटो काढला आणि संगणकावर त्यातला फक्त निळा चॅनल, म्हणजे निळ्या प्रकाशाने उमटलेला भाग, ठेवला. (विकत आणलेला निळा फिल्टर कुचकामी निघाला, त्यातून लाल प्रकाशही झिरपतो.) पिवळे कापड लालइतकेच काळे पडले, निळी बनात मात्र किंचित उजळली. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या साध्या काचेच्या प्लेटांना मुख्यतः निळा प्रकाशच दिसत असे, म्हणजे माझी काळी कॉलर पिवळी असू शकत होती!

मग २४०० डीपीआयवर कॉलर पुन्हा स्कॅन केली. कॉलरवरच्या ज्या बिल्ल्याला मी स्फिंक्स समजत होतो, ती हाती डहाळी घेतलेली, शेजारी लंबगोल ढाल असलेली बसलेली स्त्री निघाली. ती ब्रिटानिया, ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक, म्हणजे रेजिमेंट नॉरफोक. १८८१ मध्ये पांढरे झालेले त्यांचे फेसिंग १९०५ मध्ये पुन्हा पिवळे झाले. म्हणजे पिवळ्या कॉलरचे हे छायाचित्र त्यानंतरचे आणि हे गृहस्थ लेफ्टनंटच. टेबलावरच्या हेल्मेटची प्लेट (पुढचा धातूचा बिल्ला) पलीकडे वळलेली आहे, तरी मुकुटाची जी कड दिसते ती मध्ये न खचता गोलाकार वर जाते, म्हणजे तो किंग्ज क्राउन, राणी व्हिक्टोरियानंतरच्या राजांच्या काळचा मुकुट. ती कड दिसली तेव्हा मी भिंग खाली ठेवून नुसता बसून राहिलो.

आता १९०५ पासूनच्या याद्यांत दोन्ही बटालियनचे लेफ्टनंट शोधायचे, असे ठरवले होते. पण टेबलावरचे ते निळ्या कापडाचे हेल्मेट मायदेशातल्या नेमणुकीतले, हे लिहिता लिहिता लक्षात आले; दुसरी बटालियन तर १९१४ मध्ये बेळगावला होती आणि तिथूनच पूना डिव्हिजन या सैन्यतुकडीबरोबर मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेली. म्हणून आधी कोणती बटालियन कधी इंग्लंडमध्ये होती, ते वर्षवार मांडतो आणि मगच नावांकडे वळतो.